गल्लीकडचं तोंड

त्याचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. बाकी सगळे त्याला बर्फ्या म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने. लहानपणी कुठल्याशा दुकानापुढे बर्फाची लादी फुटली आणि त्यातला एक तुकडा त्याच्या हाती लागला. ताईला दाखवायचा म्हणून त्याने तो चड्डीच्या खिशात टाकला आणि घराकडे धूम ठोकली. घरी पोचेपर्यंत खिसा रिकामा आणि चड्डी ओलीचिंब. "बर्फ होता गं, शपथ, बर्फच होता," असं तो रडकुंडीला येऊन सांगत राहिला आणि ताई पोट धरधरून हसत राहिली. पुढे तो एसी बसवण्याच्या धंद्यात पडला, तेव्हा हे नाव त्याला असं शोभलं की ठेवणारीलाच त्याचा अभिमान वाटू लागला.

आईवडील लवकर गेले. ताईने शिलाई मशीन चालवून भावाला वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं मात्र राहूनच गेलं. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, "मला कोण करून घेणार? मशीनही बरोबर येणार ना माझ्या!"

ती राहायची मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. रस्त्याच्या बाजूला चार मजली इमारत होती. खाली काचेची दुकानं, वर कार्यालयं. इमारतीची पाठ या गल्लीकडे. गल्लीच्या दुसऱ्या अंगाला बसक्या पत्र्याच्या खोल्यांची रांग, आणि रांगेचं शेवटचं दार ताईचं. तिथे गल्ली काटकोनात वळत असे, त्यामुळे शेजारणीची खिडकी ताईच्या दाराकडे बघायची. दोघींच्या मधल्या कोपऱ्यात ताईच्या मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. गल्लीची रुंदी म्हणाल तर हातगाडी आली की माणसाने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

बर्फ्याने काम शिकवणाऱ्या उस्तादाला सोडून स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम याच इमारतीतलं. एसीचं एक अंग खोलीत असतं आणि एक बाहेर. आतलं गार वारा देतं, बाहेरचं गरम वारा फेकतं. मेकॅनिक त्या बाहेरच्याला नुसतं 'आउटडोअर' म्हणतात. ते कुठे लावायचं, एवढाच प्रश्न असतो. गच्चीवर लावावं तर तांब्याचा पाइप जास्त लागतो. पुढे लावावं तर इमारतीचा चेहरा बिघडतो. म्हणून त्याने गिऱ्हाइकाला उस्तादाकडून ऐकलेलं वाक्य ऐकवलं, "मागे टाकू ना साहेब. तिकडे कोण बघतंय?"

मागे ताई बघत होती. कमरेला दोर बांधून बर्फ्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत भोकं पाडत होता, आणि खाली ती सगळ्या रांगेला बाहेर काढून सांगत होती, "तो वर दिसतोय ना, तो माझा भाऊ! अरे, दोर नीट बांधलास ना? काय माकडासारखा लोंबतोयस!" त्या यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली तिने बादली ठेवली. ते पाणी मोगऱ्याला घालायची. "भावाने पाठवलंय," म्हणायची.

पुढची कामंही बर्फ्यालाच मिळत गेली. एका कार्यालयाने लावला म्हणून दुसऱ्याने लावला. उन्हाळे कडक होत गेले तशी ज्यांना पंखा पुरत होता त्यांनीही लावले. वर्षं गेली आणि त्या पाठीमागच्या भिंतीवर बोट ठेवायला जागा उरली नाही. सगळ्या यंत्रांची तोंडं गल्लीकडे.

एकदा एसी बनवणाऱ्या कंपनीने मेकॅनिक लोकांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं की जुना एसी उघडताना आतला गॅस हवेत सोडू नका. धुराच्या कितीतरी पट उष्णता तो आभाळात धरून ठेवतो. उन्हाळे असे तापताहेत त्यात त्याचाही हात आहे. तो नळकांड्यात भरून परत द्या. बर्फ्या मागच्या बाकावरून म्हणाला, "बाई, आभाळ केवढं मोठं आहे! तिथे कोण राहतं?" सगळा वर्ग हसला. बाईही कसनुसं हसल्या. कंपनीने फुकट दिलेलं ते नळकांडं बर्फ्याच्या घरी पलंगाखाली गेलं, ते तिथेच राहिलं.

गल्ली मात्र बदलत चालली होती. आधी मोगरा गेला. मग ताईने दुपारी दार उघडं ठेवणं सोडलं, कारण बाहेरचा वारा आतल्यापेक्षा गरम लागे. पूर्वी संध्याकाळी रांगेतल्या बायका उंबऱ्यावर बसून गप्पा मारायच्या, तेही बंद झालं.

"तुझ्या राज्यात कपडे वाळायला ऊन लागत नाही बघ," ती भावाला म्हणायची. "दोरीवर टाकले की कडकडीत. उद्या भाकरीही भिंतीवर थापीन."

बर्फ्या हसायचा. पण त्या वर्षी हसण्यासारखं राहिलं नाही. उन्हाळा लवकर आला आणि मुक्कामालाच बसला. ताईच्या पायांवर सूज होती, छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "या वयात, या हृदयाला ही उष्णता झेपायची नाही. गार जागेत राहा." गार जागा काही चिठ्ठीवर मिळत नाही.

बर्फ्याची बायको म्हणाली, "वन्सं, तुम्ही आमच्याकडेच या. मी काही परकी आहे का?"

"परकी नाहीस गं, पण तुमचा जिना परका आहे. तीन मजले चढले तर वर मी पोचेन का, माझा निरोप पोचेल?" ताई म्हणाली. "आणि माझी गिऱ्हाइकं काय तुमच्या स्वयंपाकघरात येऊन मापं देणार?"

मग बर्फ्याने एक वापरलेला एसी आणला, खोलून साफ केला, नव्यासारखा केला आणि हातगाडीवर घालून एका सकाळी ताईच्या दारात उभा केला.

"हे कुठे बसणार?" तिने विचारलं.

"आतलं पलंगाच्या वर. बाहेरचं या कोपऱ्यात. तुझ्या कुंड्या होत्या तिथे."

"आणि त्याचं तोंड?"

बर्फ्याने खोलीभोवती नजर फिरवली. खोलीच्या मागे गोदामाची भिंत होती. वर पत्रा, तो यंत्राचा भार घेणार नव्हता. दारावर लावावं तर येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं फुटणार, खोल्या एवढ्या बसक्या. उरला कोपरा. कोपऱ्यातून तोंड एकाच बाजूला होत होतं.

"शेजारणीच्या खिडकीकडे," तो म्हणाला.

"त्या खिडकीखाली तिचं बाळ झोपतं."

"अगं, थोडा गरम वारा येईल. मरत नाही कुणी."

"मग मीही नाही मरत. ने परत."

"ताई, आजकाल सगळेच लावतात!"

"तेच म्हणते मी. सगळेच लावतात." तिने इमारतीच्या पाठीकडे मान उडवली. "त्यातलं कुठलं तोंड माझ्याकडे आहे ते मला माहीत आहे, कुणी लावलं तेही माहीत आहे. मी कधी काही बोलले? पण मला त्या पोरीच्या दारात तेच करायला सांगू नकोस." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझ्यासाठी काही करायचंच असेल ना, तर ती वरची तोंडं फिरव."

एसी परत हातगाडीवर चढला.

तोंडं फिरवायची म्हणजे सगळी यंत्रं गच्चीवर न्यायची. बर्फ्या इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेला. माणूस वाईट नव्हता. नेहमी आधी पाणी विचारायचा.

"गच्चीवर? अहो, पण चाललंय की व्यवस्थित! अचानक हे काय काढलंत?"

"मागे गरम वारा फार जातो साहेब."

"मागे कोण आहे?"

"माणसं राहतात."

'माझी बहीण राहते' हे त्याच्या ओठावर आलं होतं. पण इतकी वर्षं तीच यंत्रं त्या भिंतीवर आपण आपल्या हाताने लावली, आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून त्याने ते गिळलं.

व्यवस्थापकाने थोडा विचार केला. "असं करू. तिसऱ्या मजल्यावर आणखी दोन लागणार आहेत, तिथली माणसं चक्कर येऊन पडताहेत. ती तुम्ही आधी बसवून द्या, आहे त्याच भिंतीवर. मग गच्चीचा प्रस्ताव मी स्वतः वर पाठवतो."

बर्फ्याने मनात तोलून पाहिलं. आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणी तासाभरात येऊन लावून जाईल, आणि गच्चीचंही राहील. त्याने होकार दिला.

दोर बांधून तो पुन्हा त्या भिंतीवर लोंबकळला. भिंत इतकी तापली होती की हात टेकववत नव्हता. गरम वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. खाली ताईच्या मशीनचा आवाज थांबला. ती दारात आली, वर पाहिलं. तो ओरडून सांगणार होता, "अगं, हे दोन लावले की सगळी तोंडं वर जाणार आहेत." पण ड्रिलच्या आवाजात काय सांगणार? खाली उतरल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. दोर नीट बांध, असं ती म्हणाली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

उतरल्यावर त्याने दार वाजवून सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "तू सांगतोस तर होईल."

त्याच आठवड्यात उष्णतेची लाट आली. शाळा बंद झाल्या, रस्त्याचं डांबर चपलांना चिकटू लागलं. बर्फ्याचा फोन सारखा खणखणत होता. त्या दुपारी व्यवस्थापकाच्याच खोलीतल्या एसीतून पाणी गळू लागलं म्हणून तो इमारतीत आला. जाळी धुतली, नळी साफ केली. मध्येच दिवे क्षणभर गेले आणि परत आले.

"जनरेटर," व्यवस्थापक म्हणाला. "सगळ्या भागाची वीज गेली वाटतं. बसा हो जरा, बाहेर काय आहे आता? पाणी घ्या."

बर्फ्या बसला. घाम वाळला, अंगावर शहारा आला. तो आवडीने दोन पेले गार पाणी प्यायला.

त्या खोलीच्या मागच्या खिडकीतून खाली पाहिलं तर ताईचा पत्रा दिसायचा. पण खिडकी बंद होती आणि तिच्यावर जाड पडदा होता, गारवा जाऊ नये म्हणून.

गल्लीत वीज नव्हती. ताईचा पंखा थांबला होता. दार उघडावं तर बाहेर जनरेटरवर सगळी यंत्रं चालू. शेजारणीला बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही म्हणून तिने दार ढकललं. ताई मशीनवर डोकं टेकून बसली होती. अंग विस्तवासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. बाळाला काखेत घेऊन शेजारीण गल्लीत धावली. बर्फ्याला तिने इमारतीत शिरताना पाहिलं होतं. तिने त्या बंद खिडक्यांकडे बघून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. "भाऊ! अहो भाऊ!" यंत्रांच्या घरघरीत त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. शेवटी इमारतीला वळसा घालून ती पुढच्या दाराशी आली, तेव्हा बर्फ्या पिशवी खांद्याला लावून बाहेर पडतच होता.

दवाखान्यात जागा नव्हती. अशीच उष्णतेने पडलेली माणसं जमिनीवर गाद्या टाकून झोपवली होती. परिचारिका ओले कपडे घेऊन एकीकडून दुसरीकडे धावत होत्या. बर्फ्या ताईच्या कपाळावर बर्फ धरून बसला. हातातला तुकडा वितळला की दुसरा घ्यायचा. एकदाच तिने डोळे किलकिले केले. दिवस मावळायच्या आत ती गेली. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडली. डॉक्टरांना त्याने विचारलं, "उष्णतेने ना?" ते थकून गेले होते. "आज सगळेच उष्णतेने," म्हणाले, आणि पुढच्या गादीकडे वळले.

व्यवस्थापक भेटायला आला. "तुमची बहीण होती, हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर?"

गच्चीचा प्रस्ताव वर पाठवला आहे, एवढंच तो म्हणाला.

पुढे काही दिवसांनी शेजारीण बर्फ्याच्या घरी आली. बाळाच्या अंगभर घामोळं उठलं होतं. बरंच अडखळत ती म्हणाली, "भाऊ, ताईंसाठी आणला होता तो एसी... आहे का अजून?"

बर्फ्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"आहे," तो म्हणाला.

जागा तीच, कोपऱ्याची. फक्त यंत्र उलटं फिरवायचं. आता तोंड ताईच्या दाराकडे. "तिकडे आता कोण आहे?" असं शेजारीण बोलून गेली आणि तिने जीभ चावली. बर्फ्याने मान वर न करता नट आवळले. यंत्र चालू केलं, सवयीने पुढे हात धरून पाहिला. वारा चांगला गरम होता, म्हणजे काम नीट झालं होतं. समोर ताईच्या दाराची कडी वाऱ्याने हलकेच वाजू लागली.

तो हत्यारं भरत होता तेवढ्यात खोलीचा मालक एका नवराबायकोला घेऊन आला. त्याने कुलूप काढलं. बाई उंबऱ्यावर उभी राहिली आणि गरम वाऱ्याने तिने चेहऱ्यावर हात धरला.

"इथे नेहमी असंच असतं का?"

"छे हो, संध्याकाळी मस्त गार होतं," मालक म्हणाला. "हवं तर यांना विचारा. यांचीच बहीण राहायची इथे, जन्मभर."

बाईने बर्फ्याकडे पाहिलं.

"नाही होत गार," बर्फ्या म्हणाला. "संध्याकाळीही नाही. माझी बहीण त्यानेच गेली."

मालकाने डोळे वटारले. नवराबायको बाजूला जाऊन हळू आवाजात बोलत राहिली. दोघं जिथे राहत होती तिथे विहिरी आटल्या होत्या, म्हणून ती इकडे आली होती, आणि परवडणारी दुसरी खोली त्यांनी अजून पाहिली नव्हती. थोड्या वेळाने नवरा परत आला. आधी मालकाला होकार दिला, मग बर्फ्याजवळ येऊन उभा राहिला.

"दादा, तुम्ही एसी लावता ना? पुढेमागे जमलं तर आम्हालाही एक लावून द्या. त्याचं ते बाहेरचं कुठे बसेल?"

बर्फ्याने शिडी खांद्यावर घेता घेता गल्लीवर नजर फिरवली. इमारतीच्या भिंतीवर जागा नव्हती. कोपरा भरला होता. वळणापलीकडच्या खिडकीत कुणीतरी चादर भिजवून लावली होती. तिच्या पलीकडच्या उंबऱ्यावर एक म्हातारा पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

नवरा उत्तराची वाट बघत थांबला. बर्फ्या एकेक दार, एकेक खिडकी बघत गेला, गल्लीच्या टोकापर्यंत.