मिठाच्या बांधावरचं इंग्रजी

आमच्या आईला इंग्रजी कळतं हे मला सतराव्या वर्षी समजलं, आणि तेही मी रागानं पुस्तक फेकलं म्हणून. माझा राग तेव्हा गावभर प्रसिद्ध होता. आता वयानं थोडा निवलाय, असं मीच म्हणते, घरात कुणी म्हणत नाही.

आमचं गाव उलव्याच्या बाजूला, अगदी खाडीच्या काठी. हल्ली मी राहते त्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं. तिथं आपलं मिठागर होतं, असं मी नातवंडांना सांगते. ती मोबाईलमधून मान वर न काढता 'हो का' म्हणतात. पण मला अजून दुपारी डोळा लागला की ते पांढरं लख्ख ऊन दिसतं, वाफ्यातलं उथळ पाणी दिसतं, आणि त्या उजेडात कुठूनतरी एक म्हातारी मडमीण इंग्रजीत विचारताना ऐकू येते, की माझा चहा आणला का. ही मडमीण आमच्या मिठागरात कशी आली, तेच सांगायचंय.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. पनवेलला मावशीकडे राहून मी अकरावी पास झाले होते. गावातली पहिली मुलगी. मला नर्स व्हायचं होतं. का, म्हणाल तर पांढरे कडक कपडे. खरंच, तेव्हा तेवढंच होतं डोक्यात. मुंबईच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला, बोलावणं आलं, बाबांबरोबर लाँचनं गेले. लेखी पेपर मी झकास लिहिला. मग मेट्रनसमोर उभं केलं. ती गोरी होती, बारीक, पाठीचा कणा ताठ. म्हणाली, मी एका पेशंटचं आणि नर्सचं बोलणं बोलून दाखवते, तुला काय समजलं ते सांग. हे तिच्या शेजारच्या क्लार्कनं मला मराठीत सांगितलं, म्हणून कळलं. पुढचं तिनं सांगितलं नाही.

शब्द मला सगळे येत होते. कागदावर आणा, एकेकाचा अर्थ सांगते. पण तिच्या तोंडून ते एकमेकांचा हात धरून धावत सुटले आणि माझ्या हाताला एकही लागला नाही. नुसती चाल ऐकू आली. वर-खाली, वर-खाली, मग थांबली, आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

क्लार्कबाई चांगली होती. तिनं समजावलं, की तुला लिहिता येतं पण कान नाही, आणि वॉर्डात कुणी लिहून देत नाही. मे महिन्यात पुन्हा ये. त्या वेळी नाही जमलं तर मग तिसऱ्यांदा येऊ नकोस.

परतताना लाँचवर बाबांनी मला शेंगांची पुडी घेऊन दिली. मग म्हणाले, मेपर्यंत थांबतो, पुढं उरणकडचं ते स्थळ आहे त्यांना हो सांगतो. रागानं नाही बोलले. बाबांना राग यायचाच नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आला होता. उरणकडच्या मुलाचा भाताचा धंदा होता म्हणे. मला आतून रडू फुटत होतं आणि वरून मी शेंगा खात होते.

त्या आठवड्यात मी इंग्रजीचं पुस्तक फेकलं. आई ओटीवर बसून पायाच्या भेगांतलं मीठ काढत होती. मी त्या मेट्रनची नक्कल करत होते, शब्द नाहीत, नुसती तिची चाल, नाकातून, तोंड वाकडं करून, जशी ऐकली तशी. वर-खाली, वर-खाली. आई पायावरची नजर न उचलता म्हणाली, "ती इचारते, रातीला झोप लागली काय. आन दुखतं ते सारखं दुखतं का थांबून थांबून."

तुला कसं माहीत, म्हटलं.

"वाचाला मना येत नाय," ती म्हणाली. "आयकाला येतं." आणि उठून चुलीकडे गेली. वर बजावून गेली, की बाबांना सांगायचं नाही.

आईचं माहेर मुंबईतल्या कोळीवाड्यातलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती एका दवाखान्यात आया होती, हे आम्हाला माहीत होतं. तिथल्या सिस्टर गोऱ्या, डॉक्टर गोरे, पेशंटही निम्मे गोरे. बारा वर्षं तिनं तिथं फरश्या पुसल्या आणि भांडी उचलली. बाबा मिठाच्या पडावावर, म्हणजे मालाच्या होडीवर होते, मुंबईला माल घेऊन जायचे तेव्हा भेटायचे. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो दीड वर्षाचा असताना त्याच दवाखान्यात गेला, छातीच्या दुखण्यानं. त्यानंतर तिनं काम सोडलं आणि ती गावी आली. त्याचं बाबाच बोलायचे, आई कधीच नाही. वर्षातून एकदा, त्याच्या दिवशी, बाबा म्हणायचे की डॉक्टर बरा होईल म्हणाला होता, आम्ही दोघं तीन दिवस अगदी आशेनं बसलो होतो, शेवटी काय झालं ते दोघांनाही कळलं नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असायचा. मला ते नेहमीच विचित्र वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मिठाचा हंगाम होता. बायका वाफ्यातून पाट्या भरायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि एकामागून एक अरुंद बांधावरून चालत मिठाच्या ढिगावर, रासेवर, नेऊन ओतायच्या. आई रांगेत मुद्दाम सगळ्यांत मागं राहिली आणि मला आपल्याही मागं ठेवलं. म्हणाली, माझं तोंड बघायचं नाही. डॉक्टरच्या तोंडाला फडकं असतं, पेशंट भिंतीकडे तोंड करून बोलतं, तोंड बघून समजून घ्यायची सवय लागली तर मेलीस. मग पाटी डोक्यावर घेऊन ती चालायला लागली आणि वाऱ्याला इंग्रजी सांगायला लागली.

वाफ्यापासून रासेपर्यंत जेवढी वाट, तेवढं एक बोलणं. रासेवर पाटी रिकामी केली की परतीच्या वाटेवर ती मराठीत प्रश्न विचारायची. कोण बोलत होतं? दुखणं कुठं होतं? औषध जेवणाआधी का नंतर? नाही आलं तर पुढच्या खेपेला तेच बोलणं पुन्हा, तसंच, त्याच आवाजात. ती मडमीण चहासाठी रोज भांडायची. एक तापानं फणफणलेला खलाशी होता, तो सिस्टरला दर वेळी आधी बाहेर वारा कसा आहे ते विचारायचा, मग पोटाचं सांगायचा. एक डॉक्टर शब्दांची शेपटं गिळायचा. दोन सिस्टर चादरी घालताना घरून आलेल्या पत्रांबद्दल बोलायच्या, कुणाच्या बहिणीचं लग्न मोडलं, कुणाच्या गावी बर्फ पडलं. एवढं ऊन, आणि आईच्या पाठीकडून बर्फ पडल्याचं ऐकू यायचं. मला वाटायचं ते सगळे तिथंच आहेत, रासेच्या पलीकडच्या सावलीत खाटा टाकून बसलेत, आणि आम्ही मीठ ओतायला गेलो की जरा सरकून घेतात.

पुढच्या बायका हसायच्या. तुझ्या आयेला खाडीचं वारं लागलंय, म्हणायच्या. आई सांगायची, पोरीचं पाठांतर घेते. तेही खोटं नव्हतं.

एक गोष्ट मला लवकरच कळली. आईला इंग्रजीत स्वतःच्या मनाचं एक वाक्यही बोलता येत नव्हतं. मी एकदा म्हटलं, मला भूक लागलीय हे इंग्रजीत सांग. तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, तसं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही, तिथं सगळ्यांची भूकच मेलेली असायची. ती जे बोलायची ते कुणीतरी कधीतरी तिच्यासमोर खरंच बोललेलं असायचं. तिनं ते तसंच्या तसं ठेवलं होतं, आवाजासकट.

फेब्रुवारीत मला चाल सोडून शब्द ऐकू यायला लागले. मार्चमध्ये वाक्यं. मी फुशारून गेले, चुकले की मात्र आईवरच डाफरायची, की तूच नीट बोलत नाहीस. ती ऐकून घ्यायची आणि पाटी भरायची.

एप्रिल संपत आला होता. भरती लागायच्या आधीची दुपार, वारा पडलेला. आई म्हणाली, आज एकच देते, नीट ऐक. तिच्या चालण्यात काही फरक नव्हता. दोन डॉक्टर बोलत होते, एक तो शेपटं गिळणारा आणि एक नवा, तरुण. खाटेवर लहान मूल होतं. दोन्ही फुप्फुसं भरलीत, गिळणारा म्हणाला, आता करण्यासारखं नाही. किती दिवस, तरुणानं विचारलं. दोन, फार तर तीन. आईला सांगितलं का? नाही, ती संध्याकाळी भेटीच्या वेळेला येते, तिला इंग्रजी समजत नाही, आणि बापाला सांगा की बरा होईल.

रासेवर पाटी ओतली. मला प्रत्येक शब्द समजला होता. पहिल्यांदाच, एकही न सुटता. परतताना तिनं विचारलं, मुलाला काय झालं होतं. मी सांगितलं. किती दिवस? सांगितलं. आईला सांगितलं का? नाही, तिला इंग्रजी समजत नाही म्हणून. मी इतकी खूश होते की माझे पाय बांधावर नीट पडत नव्हते.

"ती आई कुठं होती?" आईनं विचारलं.

मी चिडले. म्हटलं, हे त्यांच्या बोलण्यात नव्हतंच, उगाच फसवतेस.

ती थांबली, पण वळली नाही. "खाटंच्या खाली," म्हणाली. "फरशी पुसत होती."

मी तिथंच उभी राहिले. पाण्यात माझे पाय दिसत होते, आणि तिची पाठ. आई बोलते ते सगळं कुणीतरी तिच्यासमोर खरंच बोललेलं असतं, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

मग पुढं चालता चालता तिनं मराठीत सांगितलं. आई म्हणून भेटायला संध्याकाळचा एक तासच मिळायचा. आया म्हणून फरशी पुसायला कधीही जाता यायचं, पुसणारीच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. तीन दिवस ती तीच फरशी पुसत राहिली. बाबा बाहेर पायऱ्यांवर बसले होते, मुलासाठी लाकडी होडी घेऊन आले होते. डॉक्टर त्यांना जे म्हणाले तेच तिनंही म्हटलं, बरा होईल.

"तुझ्या बापाला तीन दिस भेटले," ती म्हणाली. "ते कशाला काढून घ्यायचे? आन आता त्याला कळलं का मना इंग्रजी समजतं, तर ते तीन दिस पन कळतील."

मला तिचा राग आला, दया आली, आणि लाज वाटली, की मी उत्तरं कशी पटापट दिली. त्या दिवशी आम्ही आणखी अकरा खेपा घातल्या आणि सगळ्या मुक्यानं.

मेमध्ये पुन्हा मेट्रन. तीच खोली, तीच ताठ पाठ. या वेळी तिनं राउंडवरचं बोलणं घेतलं. डॉक्टर आणि सिस्टर एका म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेशी उभे आहेत, शेजारी त्याची बायको बसलीय. उद्या ऑपरेशन, आज रात्रीपासून खायला काही नाही, नाडी दर तासाला, आणि उपयोग होईल याची डॉक्टरला खात्री नाही. मी मेट्रनच्या तोंडाकडे बघितलं नाही. खिडकीकडे तोंड करून ऐकलं आणि मग सगळं सांगितलं. क्लार्कबाई हसली. मेट्रननं विचारलं, आणखी काही?

माझं तेव्हाचं इंग्रजी म्हणजे दिव्यच. पण तोंडातून निघून गेलं. "सिस्टर, द वाइफ इज हिअरिंग." त्याची बायको ऐकतेय, म्हटलं.

मेट्रन म्हणाली, तिला इंग्रजी येत नाही.

"शी इज हिअरिंग, सिस्टर," मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज चढला होता. झालं, म्हटलं, आता उरणचं भात.

मेट्रननं पेनाचं टोपण काढलं. मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

गावी आल्यावर मी हे बांधावर आईला सांगितलं, तिच्या पाठीला. तिनं विचारलं, मग ती बाय काय बोलली? काहीच नाही, म्हटलं, नुसतं लिहिलं.

"लिवलं ना," आई म्हणाली. "मंजे आयकलं तिनं."

पत्र जूनच्या तोंडावर आलं. बाबांनी ते दोन्ही हातांत धरून आणलं आणि मला ओटीवर उभं केलं. म्हणाले, आधी इंग्रजीत वाच, मोठ्यानं, मला कसं वाजतं ते ऐकायचंय. आई आत जमीन सारवत होती. मी वाचायला लागले. निवड झाल्याचा इंग्रजी शब्द आला तिथं तिचा शेणाचा हात जमिनीवर थांबला. बाबांची तिच्याकडे पाठ होती. मी वाचत राहिले, शेवटच्या सहीपर्यंत.

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. मग त्यांना आईची आठवण झाली. "आता हिला मराठीत सांग गो," ते म्हणाले. "हिला काय समजनार त्यातलं."

मी आत गेले, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पत्र पहिल्यापासून मराठीत सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिनं सगळं ऐकून घेतलं.