हातपाय चालतात तोवर

नोकरी संपली तेव्हा मी नगरला मुलाकडे राहायला गेले. जन्मभर जामखेडकडच्या शाळांमधून पोरांवर ओरडत हिंडले होते, नवरा लवकर गेला होता, तेव्हा आता कुठं बाईंना आराम मिळणार असं सगळे म्हणायचे. मिळाला. इतका मिळाला की जीव नकोसा झाला. सून गुणाची. मी भाजी निवडायला घेतली की ती ताट काढून न्यायची, कळशीला हात लावला की धावत यायची. शेजारणी कौतुक करायच्या, "सासूला इकडची काडी तिकडं करू देत नाही हो!" मी खुर्चीत बसून मान डोलवायची आणि मनातल्या मनात चरफडायची. चांगल्या माणसांवर चिडायचं म्हणजे आपलीच आपल्याला लाज वाटते.

माझ्याबरोबर शाळेत असलेली एक मैत्रीण बेलापूरला राहत होती. तिथं प्रवरा नदीच्या अंगाला एका ट्रस्टनं खोल्यांची चाळ बांधली होती. नोकरीतून मोकळी झालेली एकटी माणसं तिथं राहायची. अट एकच, हातपाय चालत असले पाहिजेत. खर्च सगळ्यांनी मिळून, कामं पाळीपाळीनं. मी तिला भेटायला म्हणून गेले आणि मुलाला कळवलं, मैत्रिणीचा फार आग्रह आहे, थोडे दिवस राहते. ते थोडे दिवस लांबतच गेले.

खरं सांगायचं तर मी तिथं सुखात होते. सकाळी नदीपर्यंत फेरी, मग चूल. भाकरीची पाळी मी मागून घ्यायची. दुपारी पत्ते. पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ पत्त्यांत लबाडी करायचे आणि पकडले गेले की ऐकू येत नसल्याचं सोंग घ्यायचे. मी त्यांच्याशी कडाकडा भांडायची. नगरच्या घरात माझ्याशी भांडायला कुणी नव्हतं. कुणाचा गुडघा धरला की त्याची पाळी दुसरं कुणीतरी उचलायचं, त्याचे उपकार कुणी दाखवायचं नाही, कारण उद्या आपलाही गुडघा धरणार हे प्रत्येकाला माहीत होतं. पण मध्येच, भाकरी उलटताना, काळजात चर्र व्हायचं. पोटचा मुलगा असताना मी परक्यांत रमले होते. दुःख असतं तर कुणाजवळ बोलून तरी दाखवलं असतं. हे सुख सांगायचं कुणाला?

बाहेरच्यांच्या लेखी मात्र घराबाहेर राहणारी म्हातारी माणसं म्हणजे टाकलेली माणसं. त्यामुळं आसपासची खाऊनपिऊन सुखी घरं वर्षश्राद्धाला आमच्याकडे अन्नदानाला यायची. नको म्हणावं तर देणाऱ्याचं मन मोडतं, म्हणून आम्ही निमूट पंगतीला बसायचो. जेवण झालं की बायकांना लुगडं, पुरुषांना धोतर. पोस्टातले गृहस्थ नंतर धुसफुसायचे, "पेन्शन घेऊन भिकारी झालो!"

एकदा अशीच एक पंगत उठली आणि लुगडी वाटणं सुरू झालं. "घ्या माय, घ्या," म्हणत एक बाई खाली मान घालून पुढं सरकत होती. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वर पाहिलं. ती माझी विहीण होती, सुनेची आई. तिच्या मुलांचं श्रीरामपूरला आडतीचं दुकान, बेलापूरपासून अगदी जवळ. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ती माणसं इकडं कशाला येतील, असं मी धरून चालले होते. व्याही गेल्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं, ते माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

माझ्या मुलाच्या लग्नात, विधवा म्हणून मी मागं मागं राहत होते, तेव्हा हिनंच मला मांडवात पुढं ओढून मानाचं लुगडं दिलं होतं. आता तिच्या हातातलं दानाचं लुगडं माझ्यापुढं आलं. तिनं वर पाहिलं. हात मागं घ्यावा की पुढं करावा हे तिला कळेना, आणि मलाही कळेना. शेवटी तिनं लुगडं बाजूला ठेवलं, सगळ्यांदेखत वाकून माझे पाय धरले आणि म्हणाली, "इहीनबाई, तुमी हितं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पुढचं व्हायचं तेच झालं. मुलगा आला. रागावला असता तर मी चार शब्द ऐकवले असते. तो रडवेला झाला होता. "आई, सासरवाडीला मी आता तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणाला. मी पिशवी भरली आणि गुन्हेगारासारखी त्याच्यामागून एसटीत चढले.

नगरला परत खुर्ची आली. काही दिवसांनी विहीणबाई लेकीला भेटायला आल्या. सून पाणी भरायला खाली गेली तशा त्या माझ्याजवळ सरकल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी दाराकडं बघत हळूच विचारलं, "इहीनबाई, तितं अडान्यालाबी घेत्यात का हो?"

मी खुर्ची जवळ ओढली. त्या म्हणाल्या, "ह्ये गेल्यापासनं सुना मला चुलीम्होरं येऊ देत न्हाईत. लई जपत्यात. दिवस सरत न्हाई माजा."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. नदीची फेरी, पाळ्या, पत्ते, भांडणं. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि मलाच शरम वाटली, पण त्या म्हणाल्या, "सांगा की, थांबू नका." चाळीत खोली मिळेल असं मी त्यांना ठामपणे सांगितलं. वर, मुलांशी सरळ बोला, असा शहाणपणाही शिकवला.

त्यांच्या धीरानं मलाही धीर आला. त्याच रात्री जेवताना मी मुलाला सांगितलं, मला बेलापुरात आवडतं, मी जाते. त्याच्याकडं बघायचं धाडस नव्हतं, ताटाकडं बघून सांगितलं. त्यानं ताटातला भात चिवडला. मग म्हणाला, "जा. पण कुणी विचारलं तर मैत्रिणीकडं आलेय म्हणून सांग." मी हो म्हटलं आणि बेलापूरला परतले.

विहीणबाई सरळ बोलल्या. मुलं म्हणाली, बाजारात आमच्या तोंडात शेण घालणार आहेस का? विषय तिथंच मिटला. माझा मुलगा नोकरदार, त्याची लाज दोन खोल्यांत मावली. त्यांची आडत, सगळा गाव येणारा-जाणारा. सल्ला देताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी व्याह्यांच्या तिथीला चाळीपुढं विहीणबाईंच्या घरची जीप आली. मुलं, सुना, लुगड्यांचा गठ्ठा. मी पंगतीला बसले नाही, पाळी माझी नसताना रात्रीच्या भाकरीचं निमित्त करून चुलीशी जाऊन लपले. थोड्या वेळानं विहीणबाई आत आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. पदर खोचला, परातीतलं पीठ पुढं ओढलं आणि भाकरी थापायला बसल्या. पहिली फाटली. दुसरी गोल आली. मी भाजत राहिले.

बाहेरून थोरल्यानं हाक मारली, "आई, चल, उशीर हुतोय." त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तो दारात आला आणि आईला तशी बसलेली बघून गोरामोरा झाला. "आई, ह्ये काय? मान्सं बगत्यात."

त्या उठल्या. मी तांब्या पुढं केला, पण त्यांनी हात धुतले नाहीत. पीठ लागलेले हात तसेच मांडीवर ठेवून त्या जीपमध्ये बसल्या. सगळे निरोप द्यायला अंगणात गेले. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?