माझ्या रक्ताची लोड टेस्ट

माझं रक्त माझ्यापेक्षा तरुण आहे.

हे सिद्ध करायची वेळ आली ती मागच्या गणपतीमुळे. आमच्याकडे विसर्जनाला गणपती घरातल्या थोरल्याने डोक्यावरून न्यायचा आणि एकदा उचलला की तळ्यापर्यंत कुठेही टेकवायचा नाही. झाशीत आमच्या कित्येक पिढ्या गेल्या, मराठीत निम्मी हिंदी शिरली, पण हा नियम कुणी मोडला नाही. मागच्या वर्षी तळ्याच्या पायरीवर मी किंचित डगमगलो. (किंचित! सौ.च्या मते बाप्पा आणि मी बरोबरच बुडणार होतो.) घरी येताच तिने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी विनायकभाऊजी नेतील."

विनायक माझा धाकटा भाऊ. रोज सकाळी छावणीच्या शांत रस्त्यांवर झपझप चालतो आणि कपाळावर घामाचा थेंब येऊ देत नाही. "दादा, आता तू आराम कर," तो इतक्या प्रेमाने म्हणाला की माझा तिळपापड झाला. वडिलांकडून आलेला मान असा गोडीगुलाबीने काढून घेतला जातोय, हे मला फार लागलं.

तेवढ्यात माझी मुलगी मुग्धा ग्वाल्हेरहून आली. तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती काम करते.

"वयाबरोबर रक्तातली काही प्रोटीन्स वाढतात, काही घटतात," ती म्हणाली. "कुठल्या व्यायामाने त्यांत काय फरक पडतो, ते आम्ही बघतोय. साठीच्या पुढचे लोग चाहिए. काही जण चालतील, काही वजनं उचलतील."

"मी वजनं!" मी ओरडलो. "विन्या चालेल. ज्याचं रक्त तरुण, त्याचा गणपती!"

"बाबा, ये कोई मैच थोड़ी है!"

"मंजूर," विनायक म्हणाला.

दोघांचं रक्त घेतलं गेलं आणि मी जिममध्ये दाखल झालो. पहिल्या दिवशी नुसता रिकामा दांडाही माझ्याच्याने हलेना. "अंकलजी, पहले साँस तो ले लो!" जिमवाले पप्पूभैया कळवळून म्हणाले. पण पावसाळा येईपर्यंत मी असा तयार झालो, की सौ. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं उघडायला मलाच हाक मारू लागली.

शेवटच्या रक्ततपासणीचा दिवस उजाडला आणि इथे माझी नोकरी आडवी आली. मी जन्मभर ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंग विभागात होतो. तिथे पूर्ण लोड देऊन पाहिल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. मग मी तरी लोड न घेता कसा जाणार? सकाळीच भरलेलं गॅस सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि गच्ची गाठली. खाली आलो. खात्री पटेना, म्हणून परत वर गेलो! वर बैठकाही मारल्या.

"अंकलजी, हाथ सीधा कीजिए," रक्त घेणारी मुलगी म्हणाली.

"बेटा, यही सीधा है!"

रिपोर्ट आला. मुग्धाचा चेहरा उतरला. "बाबा, सूज दाखवणारी प्रोटीन्स एकदम चढलीत. आप तो पहले से भी बूढ़े हो गए!"

विनायकने लगेच पाटावर दगडी खलबत्ता ठेवला, तो पाट डोक्यावर घेतला आणि अंगणात चालण्याचा सराव सुरू केला. (वर हळूच "मोरया"सुद्धा म्हणत होता!)

मुग्धाला मात्र चैन पडेना. "टेस्ट से पहले क्या किया था?"

"काही नाही गं. जरा हलकीशी हालचाल..."

"हलकीशी?" स्वयंपाकघरातून सौ. कडाडली. "सिलिंडर घेऊन गच्चीवर कोण पळत होतं? मला वाटलं, चोर शिरला!"

मुग्धाने कपाळावर हात मारला. "बाबा! एवढी ओढाताण केली की स्नायू दुखावतात आणि ही प्रोटीन्स काही दिवस चढतातच. आप ट्रांसफॉर्मर नहीं हो!"

मग मला सक्तीची विश्रांती फर्मावली गेली. सौ.चा पहारा असा कडक, की पेपरसुद्धा तीच उचलून हातात द्यायची. त्यानंतर पुन्हा रक्त घेतलं आणि या वेळी मुग्धा हसतच घरात शिरली. "बाबांची सूज पहिल्यापेक्षाही कमी! काकांचेही आकडे सुधारलेत, पण दुसऱ्या प्रोटीन्सचे. दोन्ही व्यायामांचं काम अलग-अलग. एवढ्यावरून कुणाचं वय ठरत नाही, म्हणून कुणीच हरलं नाही."

"म्हणजे मी जिंकलो!"

"आणि गणपती?" सौ.ने विचारलं.

सगळ्यांनी विनायककडे पाहिलं. त्याने फक्त डोळे वळवले. "दादालाच नेऊ दे, वहिनी. त्या खलबत्त्याने माझी मान धरलीय."

विसर्जनाला गणपती माझ्या डोक्यावर होता! त्याच पायरीवर मी खांबासारखा उभा राहिलो. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून जरा जास्तच वेळ उभा राहिलो. सौ.ने पदराने डोळे टिपले आणि मला इतका आनंद झाला, की परतताना शेजारचे तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, क्या दम है! ज़रा हमारे गणेशजी भी..." तेव्हा मी त्यांचाही नेला. मग समोरच्यांचाही.

दुसऱ्या दिवशी मला उठवायला सौ. एका बाजूने आणि वाकड्या मानेचा विनायक दुसऱ्या बाजूने लागला. माझं रक्त तरुण आहे, यात आता शंकाच नाही. फक्त ते ज्याच्या अंगातून फिरतं, त्याला ही बातमी अजून कुणी कळवलेली नाही!