भिंतीचा चुना, कोंबडीचं हाड

चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि चांद्याकडच्या जंगलातून मी थेट उल्हासनगरच्या बराकीत येऊन पडले. नवरा अंबरनाथला कारखान्यात लागला होता. जागा दिली ती फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या एका सिंधी विधवेने. सगळा कॅम्प तिला अम्मा म्हणायचा. मधे पडदा लावून खोलीची अर्धी बाजू तिने आम्हाला दिली आणि बदल्यात एकच काम सांगितलं, तिच्या बारा पांढऱ्या विलायती कोंबड्या सांभाळायच्या. अंडी विकूनच तिचं घर चालायचं. परक्या मुलखात तिने डोक्यावर छप्पर दिलं, ते उपकार मी आजही मानते. पण तेव्हा धाकच मोठा होता. कोंबड्या गेल्या की जागा गेली, एवढं मला समजत होतं.

पहिल्याच आठवड्यात मुंगसाने एक नेली. अम्मा उरलेल्या दोनदा मोजून आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याच दिवशी मी मागच्या पडवीला गोणपाटं शिवून लावली आणि उरलेल्या अकरा आत कोंडल्या. दाणापाणी वेळेवर, झाडलोट दोनदा. काही दिवसांनी त्या भिंतीचा चुना टोचून खाऊ लागल्या, पोपडेच्या पोपडे. भिंत बघून अम्मा काय म्हणेल, या भीतीने मी खालची सगळी भिंत शेणामातीने जाड लिंपून टाकली आणि स्वतःवरच खूश झाले.

मग अंडी मऊ यायला लागली, कवचाशिवाय, हातात चेपणारी. पाठोपाठ तीन कोंबड्या बसल्या त्या उठेनात. चौथीला उचलताना तिचा पंख माझ्या हातात कट्कन मोडला. मी काही जोर लावला नव्हता. नवरा म्हणाला, रोग आला म्हणून सांग आणि मोकळी हो. मलाही तसंच सांगावंसं वाटत होतं.

बसलेल्यांपैकी एक अम्माने कापायला सांगितली. साफ करताना तंगडीचं हाड माझ्या अंगठ्याखाली मोडलं, भिजल्या खडूसारखं. मला माहेरचं रान आठवलं. आमच्याकडे वडील फास लावून रानकोंबडा आणायचे. या पांढऱ्यांचा तो मूळपुरुषच म्हणा. त्याचं हाड दाताने फुटत नसे, भाऊ दगडाने ठेचून आतला रस चोखायचा. तो पक्षी दिवसभर पाचोळा उकरतो, उन्हात लोळतो, झोपायला झाडावर उडतो. त्याची मादी वर्षात एखाद्या वेळी चार-सहा अंडी घालते, बस. आणि या बिचाऱ्या जवळजवळ रोज एक. रोजच्या कवचाला चुना आणायचा कुठून? भिंतीतून आणत होत्या, ती मी लिंपली, आणि चुना अंगी लागायला हवं ते ऊनही तोडलं. मग त्यांनी तो आपल्याच हाडांतून काढला.

हात धुतले आणि अम्मासमोर जाऊन उभी राहिले. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. रोग नाही, मीच त्या उन्हाआड कोंडल्या, मीच भिंत लिंपली. जागा सोडायला सांगितलीस तरी सोडू, पण आधी महिनाभर मला बघू दे.

ती उठून पडवीत गेली, लिंपलेली भिंत बघून आली. मग म्हणाली, "मेरी मुर्गियों को जेल दे दी तूने? तो अब जेलर भी बाहर बैठेगी. धूप में."

बसले. गोणपाटं उसवली, भिंत खरवडली. रोज सकाळी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आणि हातात काठी घेऊन, मुंगसावर नि घारीवर नजर ठेवत दुपारपर्यंत बसायचं. घार दिसली की काठी आपटायची, पण कोंबड्या आत कोंडायच्या नाहीत. नवऱ्याने रविवारी उल्हास नदीच्या काठचे पोतंभर शिंपले आणले. ते भाजून, कुटून मी दाण्याशेजारी वेगळे ठेवायची. बसलेल्या दोघींना दोन्ही तळहातांवर अलगद घेऊन उन्हात ठेवायची. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, बाळंतिणीचीसुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही गं.

एक उठलीच नाही. दुसरी तिसऱ्या आठवड्यात लंगडत शिंपल्यांपर्यंत गेली. मोडका पंख वाकडाच सांधला. अंडी मात्र टणक झाली, टोपलीत एकमेकांवर टक्टक् वाजणारी.

होळीच्या सुमारास अम्मा कल्याणहून सहा नवी पिल्लं घेऊन आली. जागेचा विषय तिने काढलाच नाही. टोपली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ये भी तू देख."

जागा कधीही सोडावी लागेल म्हणून तोवर आमचे कपडे ट्रंकेतच राहत होते. मी शेजारणीकडून हातोडी मागून आणली, आमच्या बाजूला दोन खिळे ठोकले आणि कपडे टाकायला दोरी बांधली.