लसूण घातलेली मासवडी

माझी लेक कोरियात शिकायला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. भाजीपाल्याच्या बियाण्यांवर तिचं संशोधन चालतं. तिचे वडील, अण्णा, गेले तेव्हा ती तिकडंच होती. सकाळी रानात पाणी धरायला गेलेले, बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. विमानाचं तिकीट मिळून ती गावी अवसरीला पोचली तोवर सावडणंही उरकलं होतं. दहावा करून ती परत गेली. त्यानंतर फोनवर आम्ही पावसाचं बोलायचो, बटाट्याच्या लागवडीचं बोलायचो, तिच्या परीक्षांचं बोलायचो. वडिलांचा विषय मात्र ती काढत नसे आणि मीही काढत नसे.

पुढं एका भाद्रपदात तिनं मला आठवडाभरासाठी बोलावलं. त्यांच्याकडं तेव्हा मोठ्या सणाची सुट्टी असते आणि तिला तेवढाच वेळ मोकळा होता. माझी अडचण एवढीच की नेमका पितृपंधरवडा लागणार होता. धाकटे दीर शेजारीच राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वैनी, तुमी बिनघोर जावा. पित्रं आमी घालतू. तुमाला काय पाटावर बसायचंय?" तेही खरंच होतं. दरवर्षी मी चुलीपाशी असते, पाटावर पुरुष बसतात. मी बॅगेत बेसन, सुकं खोबरं आणि घरचा मसाला भरला आणि निघाले.

सोलमध्ये उतरल्यावर लेकीनं आधी राजवाडा दाखवला. लाकडी खांबांवर हिरवी-तांबडी नक्षी, वर कौलांची वाकडी टोकं, मधे भलंमोठं फरसबंद अंगण. तिथं त्यांचा जुना पोशाख भाड्यानं मिळतो. छातीपासून खाली घेरदार परकर आणि वर आखूड पोलकं. लेक म्हणाली, तूही घाल. मी म्हणाले, माझी साडी बरी आहे. तर तो पोशाख घातलेल्या दोन पोरीच माझ्यापाशी आल्या आणि माझ्या साडीसोबत फोटो काढू का म्हणून विचारायला लागल्या. तिघींचा फोटो निघाला. तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी बसनं आम्ही लेकीच्या गावी गेलो. ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात खोली घेऊन राहते. बाई पंच्याहत्तरीच्या, एकट्या, पाठीत थोड्या वाकलेल्या पण कामाला चपळ. लेक त्यांना तिकडच्या भाषेत आजी म्हणते, म्हणून मीही आजीच म्हणू लागले. घर जुन्या पद्धतीचं, कागदी सरकत्या दारांचं. बाहेर लाकडी ओसरी, अंगणात मातीचे रांजण एका ओळीत. त्यात सोयाबीनचा आंबवलेला मसाला मुरत असतो. मला तिथं परकं वाटलं नाही, पण आपल्यासारखंच आहे असंही वाटलं नाही. जमीन खालून गरम होते हे मला पहिल्या सकाळी पाय ठेवल्यावर कळलं.

सणाच्या आदल्या दिवशी घरात तयारी सुरू होती. तेव्हा लेकीनं सांगितलं की त्यांचा हा सण भाद्रपदातल्या पौर्णिमेचाच, आणि त्या दिवशी तेही आपल्या मेलेल्या माणसांना जेवायला घालतात. मला आधी ती थट्टा करते असं वाटलं. आजींनी तांदळाच्या उकडीचा गोळा पुढं ठेवला आणि तीळ-साखरेचं सारण. अर्धचंद्रासारख्या छोट्या करंज्या करायच्या आणि पाइनच्या हिरव्या सुयांवर ठेवून वाफवायच्या. हे काम मला जमणारं होतं. मी कडेला मुरड घातली, तर आजींनी माझी एक करंजी उचलून बराच वेळ फिरवून पाहिली आणि मुरड न घालता दाबूनच करायची असं दाखवलं.

करता करता मी लेकीला म्हणाले की आपल्याकडंही आता पित्रं असतील. तिनं ते आजींना सांगितलं. आजींनी हात थांबवून विचारलं, तुमच्या मालकांना काय आवडायचं?

मी सांगितलं, मासवडी. आमच्या भागात सगळ्यांनाच आवडते, त्यांना जरा जास्तच. नावात मासा असला तरी त्यात मासा नसतो, हे लेकीनं आजींना दोनदा समजावून सांगितलं. मग आजी म्हणाल्या, उद्यासाठी इथं करा की.

बेसन माझ्याकडं होतंच. तीळ आजींचे, कांदा-कोथिंबीर बाजारातली. मी बेसन शिजवून घेतलं, तीळ आणि खोबरं भाजलं, आणि लसूण सोलायला घेतला, तोच आजींनी माझा हात धरला. त्या भराभर काहीतरी बोलल्या.

लेक म्हणाली, "आई, लसूण आणि लाल तिखट त्यांच्यात या जेवणात घालत नाहीत. त्या वासानं आलेली माणसं दारातूनच परत जातात म्हणे."

मी म्हणाले, "त्यांना सांग, लसूण नसला तर आपले यायचेच न्हाईत."

लेकीनं ते सांगितलं का नाही कळेना, पण आजी उठून आत निघून गेल्या. मला वाटलं, परक्याच्या घरात येऊन मी उगाच बोलले. मी लसूण बाजूला सारला. थोड्या वेळानं आजी परतल्या त्या एक छोटं लाकडी मेज घेऊन. बुटक्या पायांचं, एका माणसाचं जेवण मावेल एवढं. त्यांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि ओसरीच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. लेकीनं सांगितलं, आजी म्हणतात, त्यांचे मालक आतल्या खोलीत जेवतील, तुमचे बाहेर ओसरीवर. तिथून वास आत जाणार नाही. लसूण घाला.

मग मी हात राखून घातला नाही. सारण पसरून ओल्या कापडावर वळकटी केली, वड्या पाडल्या आणि तर्रीचा रस्सा केला. आजी नाकाला पदरासारखा हात लावून लांबून पाहत होत्या.

सकाळी आजींनी फिक्या रंगाचा तो जुना पोशाख घातला. त्यांचा मुलगा परदेशी असतो, त्या वर्षी येणार नव्हता. मी लेकीला विचारायला लावलं, मग विधी कोण करणार? आजी म्हणाल्या, मीच. जन्मभर ज्याला मी जेवायला घातलं त्याला आज घालायला माणूस कशाला शोधू?

आत चित्रांचा पडदा उभा केला होता, पुढं मेज. मासा, भाज्या, सूप, आम्ही केलेल्या करंज्या. सफरचंद आणि नासपतीचा वरचा भाग कापून ठेवला होता, आत येणाऱ्याला खाता यावं म्हणून. पुढचं दार थोडं उघडं. आजींनी उदबत्ती लावली, तांदळाची दारू छोट्या पेल्यात ओतली, आणि गुडघे टेकून जमिनीपर्यंत वाकल्या. उठताना हाताचा आधार घ्यावा लागला. मेलेल्या माणसापुढं दोनदा वाकतात, जिवंतापुढं एकदा, असं लेक माझ्या कानात सांगत होती.

त्यांचं झाल्यावर आम्ही ओसरीवर आलो. छोट्या मेजावर मी मासवडी, रस्सा, भात आणि पाण्याचा तांब्या म्हणून आजींचं पितळी भांडं ठेवलं. पुढं काय करायचं मला माहीत नव्हतं. आजपर्यंत ताट वाढून मी मागं सरले होते. आजी माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, माणूस कसा होता?

मी थोडा विचार केला. म्हणाले, "सांग, कुठंबी जायचं असलं की तासभर आधी पोचायचे. अन् भांडण लागलं की तिथनं उठून जायचे."

लेकीनं ते कोरियन भाषेत सांगायला घेतलं. माझी दोनच वाक्यं होती, पण ती बोलतच राहिली. आजी तिच्याकडं बघत मान हलवत होत्या.

ती थांबल्यावर मी विचारलं, एवढं काय सांगितलंस?

ती म्हणाली, "नारायणगावला अण्णा मला एसटीत बसवायला यायचे आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे, ते सांगितलं. आणि मला पोचायला उशीर झाला, ते पण."

आजी तिला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. एकच शब्द असावा. लेकीनं तो मला सांगितला नाही, पण ती उठली, हात कपाळाशी नेले आणि त्यांच्या पद्धतीनं त्या छोट्या मेजापुढं वाकली. दोनदा. दुसऱ्यांदा कपाळ टेकलं ते तिनं लवकर उचललं नाही. आजींनीही तिला उठवलं नाही आणि मीही नाही. मग मी आपल्या पद्धतीनं नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या ताटापुढं बसले होते.

नंतर सगळं अन्न एकत्र करून तिघी जेवलो. आजींनी मासवडीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला. नाकातनं पाणी आलं, दोन पेले पाणी प्यायल्या आणि अजून एक वडी घेतली.

राहिलेल्या दिवसांत लेकीनं मला पुष्कळ दाखवलं. डोंगरातलं बौद्ध मंदिर, गवती छपरांच्या घरांचं जुनं गाव, हातानं कागद बनवायची जागा. तिथं काय काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण लेक सारखी बोलत होती, आणि सगळं अण्णांचंच. मंदिराच्या पायऱ्यांवर तिनं विचारलं, शेवटच्या दिवशी ते काय खाऊन गेले होते. मी सांगितलं, भाकरी आणि रात्रीचं पिठलं. रानात पहिल्यांदा कोणी पाहिलं, घरी कसं आणलं, तेही तिनं विचारलं. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं.