आईच्या नावाचं बक्षीस

बार्शीहून निघताना शेजारणींनी विचारलं, कबड्डी बघायला कुणी पनवेलपर्यंत जातं का? जातं की! वसतिगृहातली माझी मैत्रीण वनिता लग्न होऊन तिथल्या कोन गावात गेली. तिची लेक करिश्मा संघाची कॅप्टन, आणि आज फायनल. आणखी काय कारण लागतं?

पनवेल स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाले चाचा वाटेतल्या एकेका टॉवरखाली पूर्वी कुणाचं भातशेत होतं ते सांगत होते.

वनितानं गेल्या गेल्या तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं (वाळवलेल्या बारीक कोळंबीचं) कालवण वाढलं. ज्वारीवर वाढलेली मी, पण ताट चाटूनपुसून साफ केलं. करिश्मा मात्र जेवेना. संघाला राज्य स्पर्धेसाठी नागपूरला जायचं होतं आणि भाड्याला पैसे नव्हते. पोरांना लीगमध्ये बोली लागते, पोरींना शाल-नारळ. इथली बक्षिसंही तशीच. देणारे गावचे हरिशेठ. वडिलांच्या स्मरणार्थ पुरुषांच्या विजेत्या-उपविजेत्या संघांना रोख रक्कम, आईच्या स्मरणार्थ महिलांना प्रत्येकी एक मिक्सर.

"मिक्सरवर बसून नागपूरला जाऊ का, मावशी?" करिश्मा म्हणाली. मला हसू आलं आणि मग संतापही आला.

संध्याकाळी हौसेनं अगदी रेषेला खेटून बसले. पहिल्याच पकडीत दोन पोरी माझ्या अंगावर! नवी साडी तांबड्या मातीनं माखली. म्हटलं, जाऊ दे, पण उठायचं नाही. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागे होतो. करिश्मा आत शिरली, तिघींनी तिला लोळवली, पण पठ्ठीनं सरपटत जाऊन मधल्या रेषेला बोटं टेकवली. तिघीही बाद! मी इतकी ओरडले की घसाच बसला.

बक्षीस समारंभात व्यासपीठावर शेठच्या आईवडिलांचे फोटो होते. हार दोघांना सारखेच. मिक्सरचा पहिला खोका पुढे आला तेव्हा करिश्मानं तो घेतला नाही. तिनं माइक मागितला.

"काका, रागावू नका. वडलांच्या नावानं रोकड अन् आईच्या नावानं मिक्सर. आई काय वडलांपेक्षा स्वस्त हाय?"

वनितानं माझा हात घट्ट धरला. शेठ आईच्या फोटोकडे वळले.

"मला बापाचा चेहरा पण आठवत नाय," ते म्हणाले. "मासळी विकून वाढवला तो आईनंच. आमी असला इचार कधी केलाच नाय."

आणि तिथंच त्यांनी जाहीर केलं, दोन्ही गटांना बक्षीस सारखंच, आजपासून, दरवर्षी. बायकांनी असा गलका केला की सांगता सोय नाही! मिक्सरांचं काय करायचं म्हणताच मागून एक आजी म्हणाली, पोरांना द्या, चटणी वाटतील. आणि खरंच पोरांना दिले. पोरांनीही ते हसत हसत खांद्यावर मिरवले.

दुसऱ्या दिवशी नागपूरची तिकिटं काढूनच पोरी मला स्टँडवर सोडायला आल्या. परतीच्या गाडीत माती लागलेली साडी मांडीवर घेऊन मी खुशीत बसले होते. एक गोष्ट मात्र खुपत होती. करिश्मा हरली असती तर तिला माइक कुणी दिला असता? म्हणून सगळ्यात मोठा आनंद मला कशाचा झाला सांगू? हरलेल्या पोरींनाही हरलेल्या पोरांएवढीच रक्कम मिळाली.