प्रोस्टेटमध्ये उरलेली पिशवी

प्रोब बघितल्याबरोबर सुहास टेबलावरून खाली उतरला.

"डॉक्टर, हे माझ्याच्यानं होणार नाही. त्यात तुम्ही लेडीज."

प्रोब म्हणजे सोनोग्राफी मशीनची दांडी. मूत्राशयाच्या खाली पुरुषाला प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती पोटावरून नीट दिसत नाही. जवळून बघायची तर बोटाहून जरा जाड अशी दांडी गुदद्वारातून आत घालावी लागते. फारसं दुखत नाही, पण लाज वाटते. मोठमोठे लोक या टेबलावर लाजताना मी बघितलेत.

"बरं, आधी बसा," मी म्हटलं. "मग ठरवू."

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. डिचोलीत माझं सोनोग्राफी सेंटर आहे. सुहास मुळगावचा, तुयेला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. त्याच्याआधी मी त्याच्या बायकोला ओळखत होते. वैशाली पेडण्याकडची. मूल होत नाही म्हणून गायनॅकॉलॉजिस्टनी तिला माझ्याकडे पुन्हापुन्हा पाठवलं होतं. बीजांडं वेळेवर तयार होत होती. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एक्स-रेखाली औषध सोडतात, त्यात कळा येतात. ती तपासणीही तिनं ओठ दाबून करून घेतली. सगळं नॉर्मल. दरवेळी बरोबर सासू असायची, आणि बाहेरच्या बाकावरून तिचा आवाज माझ्या खोलीत यायचा.

"डॉक्टरबाय, हिका नीट बघा. हिच्यात कायतरी आसतलाच."

शेवटी मीच गायनॅकॉलॉजिस्टना फोन केला. म्हटलं, नवऱ्याचं काय? त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. मग सुहासची वीर्यतपासणी झाली. शुक्राणू एकही नव्हता. वीर्यही थेंबभरच. हे घरात त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आईला वाटत होतं, तो मूतखड्याच्या सोनोग्राफीला आलाय. वैशालीलाही तेच सांगितलं होतं. आणि येत्या रविवारी वैशालीच्या भावांना मुळगावला बोलावणं गेलं होतं. बहिणीला घेऊन जा, हे सांगायला.

हे त्यानंच मला खुर्चीवर बसून, खाली मान घालून सांगितलं.

"आता बघून काय उपयोग, डॉक्टर? माझ्यात नाहीच, तर नाही."

"तसं नाही. तुमचे हार्मोन्स नॉर्मल आहेत. वृषणं मी आत्ताच बघितली, चांगली आहेत. कारखान्यात पंप चालू आहे, पण पुढे पाणी येत नाही. तुम्ही काय बघता?"

"लाईन चोकअप आहे का ते."

"मी तेच बघतेय."

तो दाराशी उभ्या असलेल्या माझ्या टेक्निशियनला म्हणाला, "दार नीट लाव." आणि टेबलावर चढला.

प्रोस्टेटच्या बरोबर मध्ये एक काळा गोल दिसला. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. हा थेंबाच्या आकाराचा होता, सुपारीहून जरा लहान. दोन्ही बाजूंच्या वीर्यनलिका त्याच्या दाबानं चेपल्या होत्या आणि मागे फुगल्या होत्या.

कपडे घालून तो समोर बसल्यावर मी कागदावर चित्र काढलं. गर्भात सुरुवातीला मुलगा असो की मुलगी, दोघांकडेही दोन्ही जातीच्या नळ्या असतात. मुलीत त्यातल्या एका जोडीचं गर्भाशय होतं. मुलग्यात तीच जोडी विरून जाते, पण पूर्ण नाही. वृषणाच्या टोकावर तिचा दाण्याएवढा तुकडा राहतो. प्रोस्टेटच्या मध्ये एक बारीक पिशवी राहते, तिला युट्रिकल म्हणतात. ती सगळ्या पुरुषांत असते, तिचं काम काही नसतं आणि बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. सुहासची पाणी साठून फुगली होती.

"म्हणजे माझ्या आत बायकांची पिशवी आहे?"

"व्हायची राहिलेली. तुमच्या साहेबांतही आहे. तुमची फुगली, एवढाच फरक."

तो हसला नाही. "ही भानगड आईला सांगू नका. वैशालीलापण नको."

"रिपोर्ट तुमचा आहे. मी कुणाला सांगणार नाही. पण वैशालीत दोष आहे का, असं तिनं मला विचारलं, तर नाही म्हणून सांगणार. ते खोटं मी बोलणार नाही."

त्यानं चित्राचा कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर गेला. दार उघडंच राहिलं. बाकावर सासू आणि वैशाली होत्या, पलीकडे आणखी पेशंट.

"काय रे, खडो सापडलो?" आईनं विचारलं.

सुहास उभाच होता. मला वाटलं, हो म्हणेल आणि निघेल.

"खडा नाही. मूल माझ्यामुळे होत नाही. हिच्यात काही नाही. ऑपरेशन माझं करायचं आहे."

सासूनं आजूबाजूला बघितलं. "हळू बोल रे! लोकां आयकतत."

"माझ्याबद्दल कोण हळू बोलत होतं?" वैशाली म्हणाली. आवाज चढवला नाही. पर्स उचलली आणि थेट माझ्या खोलीत आली. "डॉक्टर, याचं ऑपरेशन कुठे करतात?"

मी म्हापशाच्या एका यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. त्यांनी लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून पिशवीचं छत उघडलं. आतलं पाणी वाहून गेलं आणि नलिकांवरचा दाब सुटला. पोटावर टाका नाही. त्या रविवारी वैशालीचे भाऊ आले होते म्हणे, जेवून तिला न नेताच परत गेले. सासू त्या दिवशी देवळात गेली ती त्यांची गाडी गेल्यावरच आली.

काही महिन्यांनी शुक्राणू दिसायला लागले. आधी मोजके, मग पुरेसे. सगळ्यांचं इतकं नीट होत नाही. काहींच्या नलिका पुन्हा बंद होतात, काहींचा अडथळा भलतीकडेच असतो. सुहासचं नीट झालं. पुढच्या वर्षी वैशाली गर्भाच्या पहिल्या सोनोग्राफीला आली, तेव्हा बाळाचं हृदय स्क्रीनवर लुकलुकताना दोघांनी मिळून बघितलं. सासूला आत यायचं होतं. वैशाली म्हणाली, "नंतर."

पुरुषाच्या पहिल्या तपासणीला सुई लागत नाही, कळा येत नाहीत, एक डबी आणि बंद दार पुरतं. तरी आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. आता मूल होत नाही म्हणून कुणी बाई आली, की मी जेल लावायच्या आधी विचारते, नवऱ्याची तपासणी झाली का? बहुतेक वेळा उत्तर बाहेरच्या बाकावरून येतं, आणि ते 'नाही' असंच असतं.